नाव माहीत नसलेल्या झुडपाचं नाव लिहा!

मिनेसोटातल्या आमच्या घरामागे, ओढ्याकडे उतरणाऱ्या जमिनीवर पाच-सहा हात उंच झुडपांची गर्दी आहे. मुळांतून सारखे फुटवे येतात, अगदी करवंदाची जाळी वाटावी. शेजारचे आजोबा म्हणाले, चोकचेरी. म्हणजे इथलीच एक रानचेरी. पालिकेच्या पत्रकातला फोटो बघून मला वाटलं, बकथॉर्न. म्हणजे युरोपातून आलेलं, उपटून टाका म्हणतात ते.

खात्री करावी म्हणून एका कार्यालयाकडे नमुना पाठवला आणि तिथेच अडकले. फॉर्मवर पहिलाच सक्तीचा रकाना: ‘वनस्पतीचं नाव’. अहो, तेच तर विचारतेय! ‘माहीत नाही’ लिहिलं, तर अर्ज अपूर्ण म्हणून परत. मग ‘चेरी?’ लिहून नुसती पानं पाठवली. दोन आठवड्यांनी उत्तर: पानांसकट डहाळी हवी. डहाळी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, ती वाटेतच काळी पडून कुजली. (वर्तमानपत्रात दाबून, वाळवून पाठवायची असते. हे फॉर्मवर कुठेच नाही.) तिसऱ्यांदा नीट पाठवली, तर म्हणे फूल किंवा फळ नाही, मे महिन्यात पाठवा. तेव्हा ऑक्टोबर लागला होता आणि फळं पक्ष्यांनी कधीच संपवली होती.

चिडून मीच भिंग घेऊन बसले. पानाच्या देठावर, पान सुरू होतं तिथे, मोहरीपेक्षाही बारीक दोन गाठी दिसल्या. चेरीला त्या असतात, बकथॉर्नला नसतात. नखाने साल खरवडली तर कडू बदामाचा वास, तोही चेरीचाच. बकथॉर्नची साल आतून नारिंगी निघते. नोव्हेंबरात तर पलीकडच्या कुंपणातलं बकथॉर्न हिरवंगार आणि माझं झुडूप खराट्यासारखं.

ब्लॅक चेरी या दुसऱ्या रानचेरीची शंका उरली होती. तिच्या पानामागे मधल्या शिरेलगत तांबूस लव असते. वहीत दाबलेली पानं काढून पाहिली, कुठेच नव्हती. मेअखेर बोटभर लांब पांढरे तुरे आले, तेव्हा इतका आनंद झाला की विचारू नका.

हो, लहान मुलं असतील तर आधी सांगायला हवं होतं: चोकचेरीची पानं आणि आठळ्या विषारी. गर खातात, पण कच्चा इतका तुरट की घसाच आवळतो. जॅम करताना आठळ्या न फोडता गाळून घ्यायच्या.

कार्यालयाचं उत्तर जूनअखेर आलं. एकच ओळ: चोकचेरी. तोवर मी फळं पक्ष्यांपासून वाचवायला जाळी आणून ठेवली होती.