बाई, हत्तीवर मारा असेल तर?

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा म्हणून महोत्सव समितीचं पत्र आलं तेव्हा हिने विचारलं, "कशावर लिहिणार?" म्हटलं, बाईंवर. "आणि शाळेवर?" म्हटलं, तेच ते. समितीने इमारत, स्नेहसंमेलनं, क्रीडास्पर्धा, निकालाची परंपरा असे बरेच विषय सुचवले आहेत. त्यांवर लिहायला माझ्याहून बरी माणसं आहेत. मी आपल्या भूगोलाच्या बाईंवर लिहिणार आहे, आणि तेही भूगोल सोडून.

१९७४-७५ साल, सातवी ब. गुजरातेतल्या विद्यार्थ्यांच्या नवनिर्माण आंदोलनाने आदल्या वर्षाचं वेळापत्रक विस्कटलं होतं. त्यात पी.टी.च्या सरांची जागा रिकामी. त्या तासाला आम्हाला मागच्या व्हरांड्यात बसवायचे आणि गप्प राहायला सांगायचे. बडोद्याच्या दांडिया बाजार आणि बाबाजीपुऱ्यातली आम्ही पोरं. गप्प बसणं कुणाच्या घरात नव्हतं! एक दिवस बाई आल्या त्या काखेत कापडाची गुंडाळी घेऊन. घरी मशिनवर शिवलेला बुद्धिबळाचा पट, चौसष्ट घरं. मोहरे लाकडी. एक काळा हत्ती हरवलेला, त्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ.

बाईंचं माहेर सांगलीचं. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाचं नाव त्यांच्या तोंडी सारखं असे. मुंबईची वासंती खाडिलकर त्याच वर्षी महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. त्या बातमीचं कात्रण बाईंनी हजेरीपटात ठेवलं होतं आणि ते वर्गातल्या मुलींना मुद्दाम दाखवलं होतं.

पहिल्या तासाला मोहरे पिशवीतून निघालेच नाहीत. पट अंथरला आणि म्हणाल्या, "उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर यायला हवं. आलंय का बघा." मग तासभर नुसती घरांची नावं. उभ्या ओळींना अक्षरं, आडव्यांना आकडे. भूगोलाच्याच बाई त्या. अक्षांश-रेखांशासारखं आमच्याकडून घोटून घेतलं. पुढचे कितीतरी तास फक्त प्यादी. प्यादं सरळ चालतं पण मारतं तिरकं, पहिल्या चालीत हवं तर दोन घरं जातं, मागे कधीच येत नाही. जो आधी पलीकडच्या टोकाला पोचेल तो जिंकला. दोन घरं उडी मारून शेजारी आलेल्या प्याद्याला जाता जाता मारता येतं, पण लगेचच्या चालीत, नंतर नाही, हेही तिथेच शिकलो. आज स्पर्धांना येणाऱ्या निम्म्या पालकांना हा नियम समजावून सांगावा लागतो.

मग हत्ती, उंट, वजीर, सगळ्यांवरून उडी मारणारा एकटा घोडा आणि शेवटी राजा. राजा कोंडला आणि त्याला शह असेल तर मात. कोंडला पण शह नाही, आणि दुसरी कुठली चालही उरली नाही, तर डाव बरोबरीत. हे कळल्यावर एक मुलगा रडला होता. वजीर आणि दोन हत्ती हाताशी असताना अर्धाच गुण म्हणजे काय! बाईंनी त्याला रडू दिलं आणि गुण अर्धाच ठेवला.

हात लावला की तोच मोहरा चालायचा, हा बाईंचा सगळ्यात कडक नियम. मोहरा नुसता सरळ ठेवायचा असेल तर आधी तोंडाने "नीट करतो" म्हणायचं. ते वर्गात इतकं पसरलं की दुसऱ्याच्या डब्यात हात घालतानाही पोरं "नीट करतो" म्हणायची.

आता मुख्य गोष्ट. आमच्या वर्गातल्या दोघांचा डाव चालला होता. दोघेही ही स्मरणिका वाचतील, म्हणून नावं लिहीत नाही. पांढऱ्याने किल्लेकोट करायला, म्हणजे एकाच चालीत राजा दोन घरं हत्तीकडे आणि हत्ती राजाच्या पलीकडे न्यायला, राजा उचलला तर काळा म्हणाला, "नाही चालणार. तुझ्या हत्तीवर माझ्या उंटाचा मारा आहे." पांढरा म्हणाला, राजाला कुठे शह आहे? तंटा वाढला. मी चिठ्ठी-लेखनाचं काम करत होतो, म्हणजे चाली वहीत टिपत होतो. शेवटी सगळे बाईंकडे वळले. "बाई, हत्तीवर मारा असेल तर?"

बाई पटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला नक्की माहीत नाही. विचारून सांगते."

त्या काळी शिक्षक असं म्हणत नसत. निदान आम्ही ऐकलं नव्हतं. बाईंनी मला सगळ्या मोहऱ्यांची जागा वहीत लिहून घ्यायला लावली, डाव थांबवला आणि सांगलीला भावाला पत्र घातलं. उत्तर येईपर्यंत दोघांपैकी एकालाही नवा डाव सुरू करू दिला नाही. दिवाळीची सुट्टी मध्ये गेली. ते दोघं रोज सकाळी "आलं का?" विचारायचे, नंतर आम्ही सगळेच विचारू लागलो. अखेर अंतर्देशीय आलं आणि बाईंनी ते भूगोलाच्या तासाला, नकाशा गुंडाळून ठेवून, वाचून दाखवलं. राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसावेत, मध्ये कुणी नसावं. राजाला शह असताना किल्लेकोट नाही, माऱ्यातल्या घरावरून राजाला जाता येत नाही, आणि तो माऱ्यातल्या घरात पोचूही शकत नाही. हत्तीवर मारा असला तरी हरकत नाही. मोहरे वहीतल्याप्रमाणे लावले गेले आणि पांढऱ्याने राजाला आधी हात लावून, एकाच हाताने, किल्लेकोट केला. तरीही तो डाव हरलाच.

बऱ्याच वर्षांनी वाचलं, की त्याच १९७४ मध्ये मॉस्कोत कार्पोवविरुद्धच्या सामन्याच्या एकविसाव्या डावात कोर्चनॉयने पंचांना नेमकं हेच विचारलं होतं, हत्तीवर मारा असताना किल्लेकोट चालेल का! जगातल्या पहिल्या दोन-तीन खेळाडूंपैकी एकाला जी शंका आली ती आपल्या मागच्या व्हरांड्यात आली होती.

घरी वेगळाच तमाशा. आजोबा देशी पद्धतीने खेळणारे. प्यादं एकच घर चालणार, शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी, आणि टोकाला पोचलेलं प्यादं ज्या ओळीत पोचलं त्या ओळीचा मोहरा होणार. किल्लेकोट म्हणजे त्यांच्या मते साहेबाचं खूळ. मी बाईंना सांगितलं. वाटलं, त्या आजोबांना चूक ठरवतील. म्हणाल्या, "घरी आजोबांच्या नियमांनी खेळ, इथे या नियमांनी. डाव सुरू झाल्यावर बदलायचं नाही, एवढंच." मीर सुलतान खान असाच देशी खेळ शिकून विलायतेला गेला आणि तिकडचे नियम आत्मसात करून १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश विजेता झाला, हेही तेव्हाच सांगितलं. आजोबांना ते नाव ऐकून फार बरं वाटलं होतं.

मी खेळाडू म्हणून कधी मोठा झालो नाही. कारखान्यातली नोकरी सांभाळून पंचाच्या परीक्षा दिल्या आणि आज मी सीनियर नॅशनल आर्बिटर आहे, हे इथे अभिमानाने लिहितो. आपल्या शाळेच्या स्मरणिकेत नाही लिहायचं तर कुठे? २०१० च्या डिसेंबरात अहमदाबादेत २०,४८० खेळाडू एका मैदानावर बसून खेळले तेव्हा मी मदतीला होतो. परीक्षा पास झाल्याचं बाईंना सांगलीला कळवलं, तर पोस्टकार्डावर अभिनंदनाआधी प्रश्न: "वजिराच्या बाजूने किल्लेकोट करताना हत्ती माऱ्यातल्या घरावरून गेला तर?" मी उत्तर पाठवलं. चालतं. पुढच्या कार्डात फक्त "बरोबर" होतं. त्यानंतर त्यांचं कार्ड आलं नाही; भावाचं आलं.

आजची मुलं माझ्या नातीसकट फोनवर खेळतात आणि आमच्यापेक्षा कितीतरी चांगली खेळतात. पण फोन चुकीची चाल होऊच देत नाही, मोहरा नुसता जागेवर परत जातो. का गेला, हे कुणी विचारत नाही. हात लावला की चालायचं, हे तर तिथे नाहीच. मग पटावर बसले की बेकायदा चाल होते, मी प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं वाढवून देतो, दुसऱ्यांदा झाली की डाव गेला, आणि आईबाप माझ्यावर धावून येतात.

मागच्या व्हरांड्याला आता जाळी लावून संगणक कक्ष केला आहे. करा, संगणकही हवेतच. पण समितीला माझी विनंती आहे, की ग्रंथालयाशेजारची खोली शनिवारी सकाळी बुद्धिबळाला द्यावी. पट आणि मोहरे मी कार्यालयात जमा केले आहेत, पावती घेतली आहे. शिकवायला मी येईन, मुलांनी फक्त एक वही आणि पेन्सिल आणायची. पहिले काही आठवडे प्यादीच असतील, तेव्हा पालकांनी कंटाळून तक्रार करू नये.