पॅटमॉस: संन्याशाने बांधलेला गड

पॅटमॉस बेटाच्या स्काला बंदरात मोठी क्रूझ लागली की धक्क्यावर बसगाड्या रांगेने उभ्या राहतात. माणसं बोटीतून उतरतात, बसमध्ये चढतात आणि थोड्याच वेळात डोंगरमाथ्यावरच्या मठापाशी पोहोचतात. दुपारपर्यंत सगळे बोटीवर परत. पॅटमॉस झालं! मी म्हणेन, जाताना ही बस सोडून द्या. चालत पाऊण तास लागतो, रमतगमत गेलात तर तासभर. मठ वर का आहे, गाव त्याला बिलगून का आहे आणि समुद्राकाठी जुनी घरं का दिसत नाहीत, ते सगळं या वाटेवर आपोआप उलगडत जातं.

पॅटमॉस ग्रीसचं असलं तरी नकाशात तुर्कस्तानच्या किनाऱ्याला जास्त जवळ. जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचं बेट, सर्वात उंच शिखर २६९ मीटर. विमानतळ नाही, त्यामुळे एक तर अथेन्सच्या पिरेयस बंदरातून रात्रभराची बोट, नाहीतर कोस, सामोस अशा शेजारच्या बेटांवरून यायचं. मी आणि आई कोसहून आलो. आई सत्तरीची, पण रोज पर्वती चढणारी. धक्क्यावर उतरून तिने मान वर केली. पांढऱ्याशुभ्र घरांच्या मधोमध एक करडं, काळपट, दणकट बांधकाम बसलेलं. "मठ कुठाय? हा तर गड आहे की गं!"

बंदरामागच्या गल्ल्यांतून वर आलं की जुनी दगडी पायवाट लागते. गाडीरस्ता होण्याआधी वर जायची हीच वाट होती. खेचरांच्या पायाला सोसेल असा बेताचा चढ, ऐसपैस रुंदी. मध्येमध्ये डांबरी रस्ता आडवा येतो, तो ओलांडून पुन्हा दगडांवर यायचं. दम लागत नाही. सांभाळायचं ते पायाखाली, कारण शेकडो वर्षांच्या वापराने काही दगड गुळगुळीत झालेत. चपला नकोत, साधे बूट पुरतात. पाणी खालूनच भरून घ्या. सुरुवातीला सावली नाही, मग पाइनची झाडं येतात आणि उन्हात तापलेल्या राळेचा वास सुटतो. आई इथे दोनदा थांबली, दमून नव्हे, खाली वळून बघायला. बेटाची कंबर या जागेवरून नीट कळते: दोन्हीकडून समुद्र आत घुसलेला, मधे चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर वसलेलं स्काला.

साधारण अर्ध्या वाटेवर प्रकटीकरणाची गुहा आहे. बायबलच्या नव्या करारातलं शेवटचं पुस्तक म्हणजे प्रकटीकरण. चार घोडेस्वार, सात शिक्के, जगाचा अंत, सगळं त्यातलंच. ते लिहिणारा योहान आपण पॅटमॉस बेटावर होतो असं त्या पुस्तकातच सांगतो. परंपरा म्हणते, रोमन सम्राट डोमिशियनने त्याला इ.स. ९५ च्या सुमारास इथे हद्दपार केलं, या गुहेत त्याला दर्शन झालं आणि प्रोखोरोस नावाच्या शिष्याने ते उतरवून घेतलं. हा योहान म्हणजे येशूचा शिष्य योहानच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. गुहेत आलेल्या भाविकांना तो प्रश्न पडलेला दिसत नाही.

गुहा आता छोट्या चर्चच्या पोटात आहे, पायऱ्या उतरून आत जायचं. छत इतकं खाली की उंच माणसं वाकूनच उभी राहतात. कातळाला तीन फाटे फुटलेली एक भेग आहे, तिच्यातूनच योहानाला देवाचा आवाज ऐकू आला म्हणतात. तीन फाटे म्हणजे पवित्र त्रैक्य: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. योहान जिथे डोकं टेकायचा त्या खळग्याला चांदीची कड बसवली आहे. आत फोटो काढू देत नाहीत, ते फार बरं आहे. आईने ओढणी डोक्यावरून घेतली, हात जोडले आणि भिंतीलगतच्या बाकावर बसून राहिली. एवढ्यात बसने आलेला एक घोळका शिरला, गाइडने भराभर माहिती सांगितली, घोळका गेला. गर्दी ओसरेपर्यंत थांबायची मुभा चालत येणाऱ्याला असते, त्यांना नसते.

पुढची वाट होरा गावात शिरते आणि गड समोर उभा ठाकतो. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. उंच, सरळसोट तट, वर दातेरी चर्या, कोपऱ्यांना भक्कम आधार. दरवाजाच्या बरोब्बर वर, आलेल्या शत्रूवर उकळतं काहीतरी ओतण्याची सोय. आणि हे बांधवून घेणारा होता एक संन्यासी, ख्रिस्तोदुलोस. त्याने कोसवरच्या जमिनी सोडून त्या बदल्यात बायझंटाइन सम्राट अलेक्सिओस कोम्निनोसकडून हे ओसाड बेट मागितलं. १०८८ साली सम्राटाने संपूर्ण बेट इनाम दिलं, करमाफीसकट. ती सनद मठाच्या संग्रहालयात आजही काचेआड आहे. आपल्याकडच्या देवस्थानांच्या सनदा पाहिलेल्या माणसाला ती लांबलचक गुंडाळी फार ओळखीची वाटते.

ख्रिस्तोदुलोसला मात्र गड पुरा झालेला पाहायला मिळाला नाही. तुर्की हल्ल्यांच्या भीतीने त्याला बेट सोडावं लागलं आणि १०९३ मध्ये तो एव्हिया बेटावर वारला. त्याचे अवशेष नंतर इथे आणले. समुद्रावरून येणाऱ्यांची धास्ती पुढेही शतकानुशतकं टिकली, म्हणूनच गावाने किनारा सोडून तटाचा आसरा धरला. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडल्यावर तिथली कुटुंबं येऊन राहिली, १६६९ नंतर क्रीटमधले निर्वासित आले. मधेच, १६५९ मध्ये, व्हेनिसचा सेनापती मोरोसिनी याने गाव लुटलं. तो ख्रिस्तीच होता, हे आईला काही केल्या पटेना.

दारात आखूड कपडेवाल्यांना गुंडाळायला कापड देतात. आतलं अंगण लहानसं, खाली गोटे बसवलेले, वर कमानींवर कमानी. देवमातेच्या प्रार्थनाघरातली भित्तिचित्रं आवर्जून बघा. १९५६ च्या भूकंपानंतर नंतरच्या काळातला थर काढला, तेव्हा खालची बाराव्या शतकातली चित्रं उजेडात आली. जुन्या भोजनगृहातल्या लांब दगडी मेजांना प्रत्येकाची भांडी ठेवायला छोटे कोनाडे ठेवलेत. एवढ्या मोठ्या इतिहासात आईला सगळ्यात आवडलं ते हेच.

मी मात्र संग्रहालयात रेंगाळले. सहाव्या शतकातल्या मार्ककृत शुभवर्तमानाची, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्राची, ३३ पानं इथे आहेत: जांभळं रंगवलेलं चर्मपत्र आणि त्यावर चांदीची अक्षरं. त्याच पोथीची बरीचशी पानं सेंट पीटर्सबर्गला आहेत. प्लेटोच्या संवादांची इ.स. ८९५ मधली एक पोथीही याच मठात होती. १८०१ साली क्लार्क नावाचा इंग्रज प्रवासी आला आणि ती विकत घेऊन गेला. आता ती ऑक्सफर्डला आहे. विकत घेतली हे खरं, तरी ते वाचताना मनात नको तेच येतं.

मठ दुपारी बंद होतो आणि दुपारनंतरच्या वेळा वारांप्रमाणे बदलतात, म्हणून सकाळी लवकर निघा. गुहा वाटेत करून क्रूझच्या गर्दीआधी वर पोहोचता आलं तर उत्तमच. शाकाहारी माणसाचे ग्रीसमध्ये हाल होत नाहीत. ऑर्थोडॉक्स उपवासांमुळे बिनमांसाचे, बिनदुधाचे पदार्थ घरोघरी मुरलेले आहेत. होरात आम्ही ओव्हनमध्ये मुरवलेले छोले आणि चीज भरलेली पेस्ट्री खाल्ली. छोल्यांत मसाला नाही म्हणून आईने बटव्यातून तिखटाची पुडी काढली. वाढणाऱ्या बाईंनी वास घेतला, शिंकल्या आणि हसत चिमूटभर कागदात बांधून घेतली.

अंगात जोर असेल तर गावाच्या टोकाच्या तीन पवनचक्क्यांपर्यंत जाऊन या. दोन १५८८ च्या, तिसरी १८६३ ची. डागडुजी करून तिन्ही पुन्हा उभ्या केल्या आहेत. तिथला वारा टोपी टिकू देत नाही. उतरताना आईने सरळ बस धरली. तिचं म्हणणं, चढ देवासाठी, उतार गुडघ्यांसाठी, आणि गुडघ्यांना बस चालते. मी चालत खाली आले तेव्हा ती धक्क्यावर दुसरी कॉफी मागवून बसली होती आणि बोटीला अजून दोन तास होते.