ब्लॅक कीजचा २०२५चा अल्बम कसा वाटला? तुम्ही विचारलंत म्हणून

ब्लॅक कीज म्हणजे दोघांचाच अमेरिकन रॉक बँड, डॅन ऑरबाख गिटारवर आणि पॅट्रिक कार्नी ड्रम्सवर. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचा 'नो रेन, नो फ्लॉवर्स' आला तेव्हापासून हे मला वीस जणांनी तरी विचारलंय. वर "एवढा फॅन ना तू, मग गप्प का?" त्यांचे टी-शर्ट घालून फिरतो म्हटल्यावर विचारणारच म्हणा. तर एकदाच सांगतो.

वाईट नाहीये. रिक नोव्हेल्ससारखे मुरलेले गीतकार गाणी लिहायला घेतलेत, स्कॉट स्टॉर्चचे कीबोर्ड आहेत, सगळं कसं जिथल्या तिथे. तिसऱ्यांदा लावला तेव्हा भांडी घासत होतो, अल्बम कधी संपला कळलंच नाही.

"तुला काय, खरखरच हवी." नाही हो. 'थिकफ्रिकनेस' (२००३) त्यांनी त्यांच्या गावी, ओहायोतल्या ॲक्रनला, कार्नीच्या तळघरात जुन्या आठ ट्रॅकच्या टॅस्कॅम टेप रेकॉर्डरवर चौदा तासांत उरकला. बेस गिटार नाहीच. डॅन ऑरबाख जाड तारांवर तोच तोच रिफ, म्हणजे सुरांचा छोटा तुकडा, घोळवतो, मिसिसिपीच्या ब्लूजवाल्या ज्युनियर किम्ब्रोकडून उचललेली सवय ती, आणि फझ पेडलने मुद्दाम फाटलेला तो आवाजच खालची सगळी जागा भरून टाकतो. कार्नी कधी पुढे पळतो कधी मागे रेलतो, आणि गिटार त्याच्या मागे जाते. मला ते मागे जाणं ऐकायचं असतं.

आता खरं सांगायचं तर आमचाही असाच दोघांचा बँड होता पुण्यात, मी गिटार आणि एक मित्र ड्रम्सवर. त्याच्या मामाच्या भोसरीच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये एका रविवारी दोन माइक लावून सात गाणी केली, मध्ये दोनदा लाइट गेली, एका गाण्यात रिव्हर्स घेणारा टेम्पो चक्क ऐकू येतो. ज्याला ऐकवावं तो विचारायचा, "बेस कुठाय?" मला लाज वाटायला लागली. मग मीच म्हटलं, नीट करू, स्टुडिओत. बेसवाला आणला, क्लिक लावला, म्हणजे हेडफोनमध्ये लय मोजणारी टकटक. हा माझा ड्रमर मित्र कोरसला क्लिकच्या पुढे पळायचा, दर वेळी. अकराव्या टेकला मी काचेमागून म्हणालो, "परत एकदा, क्लिक ऐकून." तो काही बोलला नाही. पाणी प्यायला. मग म्हणाला, "तुला ड्रमर नकोय रे, घड्याळ पाहिजे." माइक चालूच होते, त्यामुळे माझ्या हेडफोनमध्ये स्टूल सरकल्याचा आवाज, मग स्नेअरच्या बॅगेची चेन, अगदी कानाशी. ती फाइल अजून आहे माझ्याकडे. बाकीचा सेट तिथेच ठेवून फक्त स्नेअर घेऊन गेला.

आणि तरी सांगतो, तो पळायचाच! क्लिक लागत होता. तेव्हाही हेच म्हणत होतो, आजही म्हणतो, फक्त आता ते टेम्पोवालं गाणं ऐकताना तोच कोरस तीन-तीनदा मागे घेऊन ऐकतो, त्याचं काय करू माहीत नाही.

मग पंचेचाळिशीतल्या या दोघांनी चार माणसं बोलावून नीटनेटका अल्बम केला तर मी कोण बोलणारा? पण 'डेल्टा क्रीम' (२०२१) हा जुन्या ब्लूज गाण्यांचा अल्बम त्यांनीच केला ना, मिसिसिपीच्या ब्लूजवाल्या केनी ब्राउन आणि एरिक डीटनना सोबत बसवून, दोन दुपारींत दहाएक तासांत. म्हणजे येतं अजून. राग त्याचा येतो.

त्या वीस जणांत एक तो ड्रमर मित्रही आहे. बऱ्याच वर्षांनी मेसेज, नुसती लिंक आणि "ऐकलास?" मी लिहिलं, ड्रम्स मस्त आहेत.

"क्लिकवर आहेत का?"

अजून रिप्लाय दिलेला नाही.