हुशार आहे, म्हणून थेट गाइडमध्ये?

जून महिना आला की आमच्याकडे, स्काउट-गाइडमध्ये, एक प्रश्न ठरलेला असतो. ‘मुलगी नऊ वर्षांची आहे, पण हुशार आहे, उंचही आहे. बुलबुलमध्ये कशाला? थेट गाइडमध्ये घ्या ना.’ मागच्या शनिवारी तुम्हीही विचारलंत. मुली घरी निघत होत्या, त्या गडबडीत मी ‘नियम आहे’ म्हणून मोकळी झाले. तेवढ्यानं तुमचं समाधान झालं नाही, आणि होऊही नये.

नियम आहेच. भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये ५ ते १० वर्षांच्या मुली बुलबुल, १० पूर्ण झाली की गाइड, आणि पुढे पंचविशीपर्यंत रेंजर. पण हा नियम का, हे कळायचं तर मुलींकडे नको, त्यांना सांभाळणाऱ्या ताईकडे बघा. ती उभी कुठं असते?

बुलबुलच्या फ्लॉकमध्ये, म्हणजे पथकात, ती गोलाच्या आत असते. गोष्ट तीच सांगते, खेळ तीच सुरू करते, कुणी रुसलं तर तिच्याच कुशीत येतं. कोमल पंख, रजत पंख, स्वर्ण पंख, हीरक पंख असा एकेक टप्पा ती हाताला धरून पार करवते. गाइडच्या पथकाला कंपनी म्हणतात आणि तिथल्या ताईला कॅप्टन; ही कॅप्टन गोलाच्या बाहेर येते. तिथं सहा ते आठ मुलींचा संघ असतो आणि संघनायिका त्यांच्यातलीच एक, तेरा-चौदा वर्षांची. तंबू कुठं लावायचा, स्वयंपाकाची पाळी कुणाची, हे त्या ठरवतात. संघनायिकांच्या बैठकीला आम्ही कोर्ट ऑफ ऑनर म्हणतो. तिथं कॅप्टनचं काम सल्ला देण्याचं. रेंजरपर्यंत तर विचारल्याशिवाय बोलायचं नाही, एवढीच शिस्त पाळायची.

हे बाहेर उभं राहणं मला फार जड गेलं. आधी मी फ्लॉक लीडर, म्हणजे बुलबुलांची ताई होते, मग कॅप्टन झाले. फ्लॉकसाठी आणि कंपनीसाठी प्रशिक्षण वेगवेगळं असतं. मी दोन्ही घेतलं, पण हातांची सवय सुटली नव्हती. पहिल्याच शिबिरात एका संघाचा तंबू वाऱ्याच्या बाजूनं सैल दिसला. रात्री मुली झोपल्यावर मी गुपचूप दोर ताणला आणि गाठ नव्यानं मारली. सकाळी संघनायिका दोर तपासत फिरत होती. त्या खुंटीपाशी थांबली, गाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘कॅप्टन, ही गाठ आमची नाही.’ बाकी काही बोलली नाही. पण त्या दिवसभर ती प्रत्येक गोष्ट मला विचारायला येत राहिली. चूल इथंच मांडू ना? पाणी एवढं पुरे? आदल्या दिवशी यातलं एकही तिनं विचारलं नव्हतं.

तेव्हापासून कुणाची गाठ सैल दिसली तर मी फक्त विचारते, ‘रात्री वारा कुठून येईल?’

आता तुमच्या लेकीचं. तिला आज संघात घातलं तर मोठ्या मुली तिला जपतील, तिची पिशवी उचलतील, तिची गाठही मारून देतील. प्रेमानंच करतील, पण तिच्या वाट्याला काम उरणार नाही. उलट फ्लॉकमधलं हे शेवटचं वर्ष तिचं सगळ्यात मोठं वर्ष आहे. पाच-सहा वर्षांच्या चिमुरड्या तिच्या गटात असतील, तिच्याकडे बघून स्कार्फ घालायला शिकतील. हे वर्ष तिच्याकडून काढून घ्यायला माझं मन धजत नाही.

वयाचे हे गट पहिल्यापासून नव्हते. गाइडिंग १९१० साली सुरू झालं ते मोठ्या मुलींसाठी. धाकट्या बहिणींसाठी १९१४ साली इंग्लंडमध्ये ‘रोझबड्स’ नावानं वेगळी शाखा निघाली. मुलींना ते नाव रुचेना, म्हणून वर्षभरात ‘ब्राउनी’ झालं. इतक्या लहान मुलींचंही ऐकलं गेलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

एक गोष्ट मात्र कबूल करते. पुष्कळ ठिकाणी नऊ वर्षांच्या मुली गाइडमध्ये ढकलल्या जातात, कारण कॅप्टन असते आणि फ्लॉक लीडर नसते. हे काम बिनपगारी. शनिवार जातो, सुट्टीतलं शिबिर जातं. त्यात लहानांची ताई व्हायला बायका कचरतात, ‘मला गाठी येत नाहीत’ म्हणतात. गाठी प्रशिक्षणात शिकवतात. काही तर मुलीच शिकवतील.

आमच्याही फ्लॉकला आणखी एक ताई हवी आहे. येत्या शनिवारी लेकीला सोडून लगेच परत जाऊ नका. दोन तास थांबा, गोलात बसा.