नामिबियाला जाताना आधी मुक्काम बघा

ऑगस्टमध्ये नामिबियाची दहा दिवसांची ग्रुप टूर केली. आम्ही बारा जण, उंच ट्रकवजा बस आणि गाइड, ड्रायव्हर, स्वयंपाकी असा तिन्ही एकच माणूस. बुकिंग करताना आम्ही हॉटेलांचे स्टार मोजत बसलो. मोजायला हवं होतं पार्कच्या फाटकापासूनचं अंतर.

सोसुसव्लेई म्हणजे नामिब वाळवंटातला वाळूच्या उंच टेकड्यांचा भाग. तिथे सेसरिएमच्या फाटकातून जावं लागतं. बाहेरचं फाटक सूर्योदयाला उघडतं. आत मुक्कामी असलेल्यांना मात्र तासभर आधी सोडतात. आमचा लॉज झकास, पण फाटकाबाहेर. त्यामुळे 'ड्यून 45' या वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा लोक सूर्योदय बघून खाली येत होते! चढताना कडेकडेने, पुढच्याच्या पावलांवर पाऊल ठेवत चला, नाहीतर दोन पावलं वर आणि एक खाली. शेवटचे पाच किलोमीटर नुसती वाळू, तिथे फोर-बाय-फोर शटल घ्यावी लागते. पुढे डेडव्लेई या सुकलेल्या तळ्यात पांढऱ्याफटक मातीवर बाभळीच्या जातीची काळी झाडं उभी आहेत. वाळूच्या टेकड्यांनी पाण्याची वाट अडवली, झाडं मेली. हवा इतकी कोरडी की शेकडो वर्षं कुजलीसुद्धा नाहीत. माणशी दोन लिटर पाणी हवंच. पहाटे कानटोपी लागते, दहानंतर वाळू तापते.

समुद्रकाठच्या स्वाकोपमुंड गावात धुकं, गार वारा आणि जर्मन बेकऱ्या. एक दिवस पुरे.

इटोशा नॅशनल पार्कमध्ये मात्र ओकाउकुएजो कॅम्पला, पार्कच्या आतच उतरलो आणि सगळी भरपाई झाली. कॅम्पच्या कुंपणालगत पाणवठा आहे, रात्री त्यावर दिवे असतात. ऑगस्टात बाकीचं पाणी आटतं, म्हणून जनावरं आपणहून येतात. जेवून शाल गुंडाळून बसलो. साडेदहाच्या सुमाराला दोन काळे गेंडे आले, एकमेकांकडे बघून फुरफुरले आणि मग शेजारी शेजारी पाणी प्यायले. तेवढ्यात आमच्यातल्या एकाने चिवड्याची पिशवी फोडली. सगळा बाक वळून बघायला लागला. खाऊ डब्यात न्या.

दिवसा पांढऱ्या धुळीत लोळलेले हत्ती दिसले, खडू फासल्यासारखे. चित्ता काही दिसला नाही. गाइडने उलट आम्हालाच विचारलं, 2022 मध्ये इथून मध्य प्रदेशातल्या कुनो अभयारण्यात नेलेले आठ चित्ते कसे आहेत? आमच्यातल्या एकानेही कुनो पाहिलेलं नव्हतं.

बाकी किरकोळ. सामान मऊ बॅगेत भरा, ट्रकच्या कप्प्यात कडक सुटकेस बसत नाही. रस्ते खडीचे, धूळ चेनमधूनही शिरते. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. दक्षिण आफ्रिकेचा रँड इथे चालतो, पण नामिबियन डॉलर तिकडे चालत नाही, तेव्हा उरलेले निघण्यापूर्वी संपवा. विमान इथिओपिया किंवा केनियात बदलणार असेल तर यलो फीव्हरच्या लसीच्या दाखल्याचं आधी विचारून घ्या. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. आम्ही तोंडी सांगितलं होतं, आणि पहिले दोन दिवस मेतकूट-भातावर काढले.