दहा मिनिटं ओलं

साफसफाईच्या कंत्राटदारांची वार्षिक प्रशिक्षण परिषद म्हणजे माझ्यासाठी आजवर दोन दिवसांची सुट्टीच होती. ठरलेले तास हजेरी लावली की प्रमाणपत्र मिळतं, ते पुढच्या टेंडरला जोडता येतं. बाकी खरी माहिती, म्हणजे कुणाचं कंत्राट सुटलं, कुणी दर पाडून कुठलं काम उचललं, ती व्हरांड्यात मिळते. सभागृहात मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसतो. अगदी शेवटच्या रांगेत बसलो की झोप लागते आणि ती मंचावरून दिसते.

यंदा सोबत ताई होत्या. दोघांची फी भरून ठेवली होती आणि ज्या सुपरवायझरला न्यायचं होतं तो आठवड्यापूर्वीच काम सोडून गेला. आमच्या धंद्यात हे नवीन नाही. फी वाया जाऊ नये म्हणून ताईंना विचारलं. अकरा वर्षं माझ्याकडे आहेत. पहिली सहा वर्षं वॉशरूम, मग पूर्ण मजले, आता एका नऊ मजली ऑफिसच्या रात्रपाळीच्या प्रमुख. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘साहेब, तिथे मला काही बोलावं लागेल का?’’ मी म्हटलं, छे, नुसतं बसायचं.

सकाळच्या भाषणात वक्त्याने जेम्स मरे स्पँग्लरची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं कँटन गाव, साल 1907. स्पँग्लर एका मोठ्या दुकानात सफाईचं काम करायचा. गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा दमा उसळायचा. म्हणून त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र करून धूळ ओढून घेणारं यंत्र बनवलं. 1908 मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि ते हूवर घराण्याने विकत घेतलं. आज व्हॅक्यूम क्लीनरवर नाव दिसतं ते हूवरचं. सभागृहात टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. झाडू ज्याच्या हातात असतो त्याला दुखणं आधी कळतं, असं काहीसं वक्ता म्हणाला तेव्हा मी मोबाइलवर एका साइटची हजेरी तपासत होतो.

विम्यावरचं सत्र झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मग प्रदर्शन. आपोआप चालणारी फरशी घासायची मशीन तीन-चार स्टॉलवर होती आणि सगळी गर्दी तिथे. मीही त्यांच्याभोवती घुटमळत होतो. विक्रेता मला बॅटरीचे तास आणि नकाशा पाठ करायची पद्धत समजावत असताना ताई मागच्या बाजूला गेल्या, घाण पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून त्यांनी वास घेतला आणि विचारलं, ‘‘ही रोज धुवायची कुठून? हात आत जात नाही.’’ विक्रेता माझ्याकडे बघून हसला. मी हसलो नाही, कारण आमच्याकडच्या जुन्या मशीनची टाकी कुजून एका लॉबीत आठवडाभर दुर्गंधी सुटली होती आणि तेव्हा मी क्लायंटला ड्रेनेजचं कारण सांगितलं होतं.

दुपारचं सत्र प्रात्यक्षिकाचं होतं. विषय स्वच्छतागृह. मी मनात म्हटलं, हे मला शिकवणार?

प्रशिक्षक बाई बारीक अंगाच्या, आवाज मोठा. त्यांनी आधी कंत्राटदारांनाच पुढे बोलावलं. हाताखालच्या माणसांना नाही, मालकांना. आम्ही सहा जण गेलो. दोन टेबलं, प्रत्येकाला एक स्प्रे, एक फडकं. पुसा म्हणाल्या. आम्ही पुसलं, चांगलं जोर लावून. पुसण्याआधी आणि नंतर त्यांनी टेबलावरून एक काडी फिरवली आणि हातातल्या छोट्या यंत्रात घातली. या यंत्राचं तत्त्व गमतीचं आहे. प्रत्येक सजीव पेशीत, अन्नाच्या कणातसुद्धा, एटीपी नावाचा पदार्थ असतो. काजव्याला चमकवणारं जे द्रव्य तेच काडीत असतं, ते एटीपीला भेटलं की प्रकाश पडतो आणि यंत्र तो मोजून आकडा दाखवतं. आकडा मोठा म्हणजे मळ जास्त. आमच्या टेबलाचा आकडा पुसल्यानंतर वाढला होता. आधीपेक्षा दुपटीच्या वर.

बाईंनी घाईने सांगितलं की हे यंत्र जंतू मोजत नाही, एका कंपनीच्या यंत्राचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी ताडून बघता येत नाही, आणि केमिकल सांडलेलं असलं तरी आकडा चुकतो. पण फडकं वापरलेलं दिलं होतं हेही सांगितलं. त्याच फडक्याने सकाळी बेसिन पुसलं होतं. आमच्यापैकी एकानेही फडकं उलगडून बघितलं नव्हतं. एका घडीवर टेबल पुसून मग दुसरी घडी काढायची, इतकी साधी गोष्ट मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. हातात आलं तसं घेतलं आणि घासायला लागलो.

दुसरं प्रात्यक्षिक बादलीचं. जंतुनाशकाचं मिश्रण केलं, त्यात तपासणीची पट्टी बुडवली, पट्टीला गडद रंग आला. मग त्यात सुती फडकी टाकून ठेवली आणि बोलणं चालू ठेवलं. अर्ध्या तासाने पुन्हा पट्टी बुडवली तर रंग फिका. आम्ही सर्रास वापरतो त्या क्वाट जातीच्या जंतुनाशकाचे कण धन भाराचे असतात, सुताचा धागा ऋण भाराचा. औषध पाण्यात राहण्याऐवजी सुताला चिकटून बसतं. डोस बरोबर, बादली बरोबर, आणि फरशीवर जातं ते निम्मं पाणी. माझ्या तीन साइटवर अजून सुती मॉप आहेत. मी वहीत पहिल्यांदा काहीतरी लिहिलं.

आणि मग बाई जंतुनाशकाच्या लेबलावर आल्या. बाटली उंच धरून त्यांनी विचारलं, याच्यावर किती वेळ लिहिलाय? सभागृहात शांतता. डोस सगळ्यांना तोंडपाठ होता, वेळ कुणालाच नाही. ‘‘दहा मिनिटं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दहा मिनिटं पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. मारलं आणि पुसलं तर तुम्ही ओल्या फडक्याने पुसलंत, बस. त्याला निर्जंतुकीकरण म्हणायचं नाही.’’ काही औषधांना एक मिनिट पुरतं, काहींना तीन, पण आमच्यातल्या बहुतेकांकडे जी बाटली असते तिच्यावर दहाच आहे. आणि मळ असेल तर आधी मळ काढायचा, मग औषध, कारण मळच औषध खाऊन टाकतो.

फळ्यावर त्यांनी वर्तुळ काढून चार फाका केल्या. हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1959 मध्ये मांडलेलं वर्तुळ: रसायन, घासणं, तापमान, वेळ. एक फाक बारीक केलीत तर उरलेल्यांतली कुठलीतरी मोठी करावी लागते, नाहीतर काम होत नाही. ‘‘आता मला सांगा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘टेंडर भरताना तुम्ही यातली कुठली फाक कापता?’’

पाणी गरम द्यायचा प्रश्न नाही. रसायन महाग, ते लेबलाप्रमाणेच पडतं. घासणं माणसाच्या हातात. म्हणजे वेळ. आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब असा की स्वच्छतागृहातल्या प्रत्येक भांड्याला, म्हणजे कमोड, युरिनल, बेसिन, 3 मिनिटं. आठ भांड्यांची खोली 24 मिनिटं. त्या नऊ मजली ऑफिसचं काम मला मिळावं म्हणून मी ती 14 वर आणली होती. नऊ मजले, दोन-दोन, एकूण 18 खोल्या. 24 मिनिटांनी 432 मिनिटं होतात, सव्वासात तासांच्या जवळ. 14 ने 252, म्हणजे चार तास बारा मिनिटं. उरलेल्या तीन तासांत त्याच माणसाला व्हरांडे आणि जिने लावले होते. कागदावर कामाचं वर्णन मात्र ‘स्वच्छता व निर्जंतुकीकरण’.

कुणीतरी पुढच्या रांगेतून म्हणालं, दहा मिनिटं माणूस उभा करून ठेवायचा का? माझ्या अठरा खोल्यांचे तर तीन तास नुसते उभं राहण्यात जातील, मी मनात मोजलं. लोक हसले. बाई म्हणाल्या, कुणाकडे उत्तर आहे?

ताई उठल्या. मला आधी वाटलं बाहेर जायला निघाल्यात.

‘‘उभं कशाला राहायचं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘एका मजल्यावर दोन वॉशरूम असतात ना. बायकांच्यात शिरायचं, कचरा काढायचा, मळ काढायचा, सगळीकडे औषध मारायचं आणि पुरुषांच्यात जायचं. तिथला कचरा, तिथला मळ, तिथे औषध. मग इकडे परत. नळाची मुठ आणि दाराची कडी लवकर वाळते, तिथे दुसऱ्यांदा मारायचं. मग पुसायचं. आरसा सगळ्यात शेवटी.’’ जरा थांबल्या. ‘‘बाटलीवर लिहिलंय ते. लेकाने वाचून दाखवलं होतं.’’

बाईंनी विचारलं, तुमच्याकडे असंच करतात का?

‘‘करत होतो,’’ ताई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. ‘‘आता नाही करत. मेमो आलेला.’’

तो मेमो माझ्या सहीचा होता. दोन वर्षांपूर्वी क्लायंटचा माणूस रात्री फेरीवर आला होता. त्याला कमोडची सीट ओली, बेसिन ओली आणि आत कुणीच नाही, असं दिसलं. त्याने फोटो पाठवला. ‘काम अर्धवट टाकून कर्मचारी गायब.’ मी ताईंना विचारलंसुद्धा नाही. कंत्राट नूतनीकरणाला आलं होतं, मी लेखी समज दिली आणि उत्तराची प्रत क्लायंटला पाठवली. त्यात एक वाक्य होतं, यापुढे प्रत्येक खोली पूर्ण कोरडी करूनच कर्मचारी बाहेर पडेल. ते वाक्य लिहिताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हेही आठवलं.

ताईंनी मेमो कुणी दिला ते सांगितलं नाही. सभागृहातल्या कुणालाही ते कळलं नसणार. पण मला कानाच्या पाळ्या गरम झालेल्या समजत होत्या. बाईंनी त्यांना पुढे बोलावलं, फळ्यावर दोन खोल्या काढून क्रम पुन्हा सांगायला लावला, आणि मालकमंडळी वहीत उतरवून घेत होती. शेजारच्या कंत्राटदाराने मला कोपर मारून विचारलं, ‘‘बाई तुझ्याकडची? पगार किती देतोस?’’ अशा प्रश्नाचा हेतू आम्हाला लगेच कळतो. मी उत्तर दिलं नाही.

परतीच्या वाटेवर मी बराच वेळ शब्द जुळवले आणि शेवटी सरळ म्हटलं, ‘‘ताई, तो मेमो चुकीचा होता. फाइलमधून काढून टाकतो.’’

‘‘कागदाचं राहू द्या साहेब,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्या महिन्याचा हजेरी भत्ता कापला होता, तो?’’

मला ते माहीतच नव्हतं. लेखी समज मिळालेल्या महिन्यात भत्ता बंद, हा नियम मीच कधीतरी केला होता आणि ऑफिसने तो पाळला होता. दुसऱ्या दिवशी तपासलं, ताईंसारखे आणखी चौघे निघाले. त्यातल्या दोघांनी केव्हाच काम सोडलं होतं. राहिलेल्यांचा भत्ता दिला. सोडून गेलेल्यांपैकी एकाचा फोन लागला, दुसऱ्याचा नंबर बंद आहे.

क्रम बदलणं सोपं गेलं नाही. नवी मुलं औषध मारून दुसऱ्या खोलीत जातात आणि परत यायचं विसरतात. ताईंनी त्यावर उपाय काढला: पहिल्या खोलीच्या दारात पिवळी ‘फरशी ओली आहे’ पाटी ठेवायची आणि आपलं फडकं तिच्यावरच टाकून जायचं. दुसरीकडे पुसायला फडकं नसलं की माणूस परत येतो. सुती मॉप दोन साइटवरून काढले. तिसऱ्या साइटचे अजून तसेच आहेत, बजेट नाही हे खरं कारण.

त्या नऊ मजली ऑफिसचं नूतनीकरण गेल्या महिन्यात आलं. मी खोलीला 20 मिनिटं धरून नवा दर पाठवला. ताईंच्या क्रमाने उभं राहण्याचे तीन तास वाचतात, पण 14 मिनिटांत तोही क्रम बसत नाही, हे आम्ही घड्याळ लावून तीन रात्री बघितलं होतं. क्लायंटकडून फोन आला, इतकी वाढ कशी? मी म्हटलं, जुन्याच दराने करतो, फक्त कंत्राटातला ‘निर्जंतुकीकरण’ हा शब्द खोडून द्या, ‘स्वच्छता’ ठेवा. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाले, तो शब्द काढायचा तर वर विचारावं लागेल.

अजून विचारताहेत. तोवर जुन्या कंत्राटाला महिन्या-महिन्याची मुदतवाढ चालू आहे आणि ताईंनी प्रत्येक मजल्याला दुसरी स्प्रेची बाटली मागितली आहे.