लाइट गेली तर टाकलेला जॉब जातो का?

जळगाव-धुळ्यात बसून पुण्याच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर) गणितं चालवणारे विद्यार्थी हमखास विचारतात: जॉब (क्लस्टरला दिलेलं काम) टाकला, तेवढ्यात लाइट गेली, लॅपटॉप बंद पडला, काम गेलं का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. क्लस्टरवरचे जॉब रांगेत लावून चालवणाऱ्या स्लर्म या प्रणालीच्या एसबॅच कमांडने टाकला असेल, तर नाही.

स्लर्ममध्ये जॉब टाकणारी एसबॅच, रांग दाखवणारी एसक्यू, जॉब रद्द करणारी एसकॅन्सल या कमांड नुसत्या निरोप नेतात. कारभार मुख्य सर्व्हरवरचा स्लर्मसीटीएलडी हा प्रोग्राम बघतो आणि प्रत्येक नोडवरचा, म्हणजे क्लस्टरमधल्या एकेका संगणकावरचा, स्लर्मडी त्याचं ऐकून काम चालवतो. एसबॅच तुमच्या स्क्रिप्टची (कमांड लिहिलेल्या फाइलची) प्रत सर्व्हरकडे देतो, जॉब नंबर छापतो आणि संपतो. जिनिंगवर कापसाची गाडी लावून टोकन घेतलं की चहाला गेलात तरी नंबर जात नाही, तसंच. मात्र प्रत फक्त स्क्रिप्टचीच होते. तिच्यात नाव दिलेली डेटा फाइल जॉब चालू होताना वाचली जाते, म्हणून रांगेत असताना ती बदलू नका.

एसरन या दुसऱ्या कमांडने थेट टर्मिनलवर चालवलेलं काम मात्र कनेक्शन तुटलं की बहुतेक वेळा मरतं. ते करायचंच असेल तर आधी लॉगिन नोडवर (क्लस्टरच्या ज्या संगणकावर तुम्ही लॉगिन करता तिथे) टीमक्स उघडा, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम. लॅपटॉपवर उघडून उपयोग नाही.

खरं तर लाइटपेक्षा जास्त जॉब स्क्रिप्टमध्ये किती वेळ हवा ते सांगणाऱ्या ओळीने मरतात. टाइमसमोर नुसतं २४ लिहिलं तर स्लर्म २४ मिनिटं समजतो. २४:०० लिहिलं तरी २४ मिनिटंच! २४ तासांना २४:००:०० किंवा १-० लिहावं लागतं. मेमरीतही तोच घोळ: नुसता ४ म्हणजे ४ एमबी, ४ जीबीला पुढे जी हवा. भीतीपोटी भरमसाट वेळही मागू नका. मोठ्या जॉबसाठी नोड रिकामे होईपर्यंतच्या फटीत स्लर्म छोटे जॉब बसवतो, आणि जास्त वेळ मागणारा तिथे मावत नाही.

स्क्रिप्टमधल्या एसबॅचच्या सूचना (वेळ, मेमरी वगैरेंच्या ओळी) पहिल्या कमांडच्या वर लिहा, खालच्या वाचल्याच जात नाहीत. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट ओळीच्या शेवटच्या चिन्हांमुळे नाकारली जाते. डॉसटूयुनिक्स ही कमांड तिच्यावर चालवली की भागतं. आउटपुटसाठी दिलेला फोल्डर आधी बनवून ठेवा. तो नसेल तर जॉब पडतो आणि का पडला ते लिहायला फाइलच उरत नाही.

एसक्यूच्या यादीत पीडी (जॉब अजून थांबलाय) दिसलं की शेवटच्या रकान्यातलं कारण वाचा. रिसोर्सेस असेल तर पुढचा नंबर तुमचा, फक्त नोड मोकळा व्हायचाय. प्रायॉरिटी म्हणजे पुढे दुसरे आहेत. डिपेन्डन्सी नेव्हर सॅटिस्फाइड आलं तर थांबण्यात अर्थ नाही, ज्याच्यावर अवलंबून होता तो जॉबच पडलाय.

आणि दर सेकंदाला एसक्यू मारू नका. प्रत्येक विचारणा त्या एकाच सर्व्हरवर जाते आणि सगळ्यांचीच रांग मंदावते. मेल-टाइपमध्ये एंड आणि फेल लिहिलं, तर बहुतेक ठिकाणी मेल येतो. संपलेला जॉब काही मिनिटांत एसक्यूमधून नाहीसा होतो. त्यानंतर जुन्या जॉबची नोंद दाखवणाऱ्या एसअ‍ॅक्टला नंबर देऊन मॅक्सआरएसएस (जॉबने वापरलेली कमाल मेमरी) बघा. पुढच्या वेळी मेमरी किती मागायची, ते तिथे कळतं.